काळी भिवसण

झाडांच्या बाबतीत माझं ज्ञान चार झाडांवर संपतं. वड, पिंपळ, आंबा आणि नारळ. पाचवं झाड दिसलं की मी ते 'जंगली झाड' या प्रशस्त खात्यावर जमा करतो. चाळीस वर्षं माझं यावाचून काही अडलं नाही. गृहकर्ज काढताना बँकेने ऐन आणि अर्जुन यांतला फरक विचारला नाही. लग्न जमवताना मुलीकडच्यांनीही पगार आणि पत्रिका यांवरच भागवून घेतलं. पण मुलं झाली आणि माझी फसवणूक उघडी पडायची वेळ आली. मुलांना बोट असतं आणि त्या बोटाच्या टोकाला कायम काहीतरी असतं.

"बाबा, हे काय?"

शहरात हा प्रश्न मी लीलया परतवतो. जेसीबी, मेट्रोचा खांब, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे दादा, त्यांच्या खाली टिकलीएवढे छापलेले शुभेच्छुक, सगळं पाठ आहे. पण यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत थोरलीला शाळेने उपक्रम दिला : दहा वृक्षांचे निरीक्षण करून चित्र काढा व नावे लिहा. तिने वही घेऊन आमच्या सोसायटीला एक फेरी मारली आणि पाच मिनिटांत परत आली. सोसायटीत झाडं तीन प्रकारची होती आणि त्यातलं एक, लिफ्टजवळचं, प्लास्टिकचं होतं.

मग भीमाशंकरला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे प्रत्येकाने आपापलं भीमाशंकर ठरवलं. आईला ज्योतिर्लिंगाचं दर्शन हवं होतं. बायकोला गारवा हवा होता. सहा वर्षांच्या धाकट्याला शेकरू बघायचं होतं, कारण राज्याच्या प्रतीकांचा तक्ता त्याच्या पलंगाच्या वर चिकटवलेला आहे आणि तो रोज शेकरूकडे बघत झोपतो. थोरलीला दहा झाडं हवी होती. मला गाडी चालवायची होती, निदान तसं मला सांगण्यात आलं.

आदल्या रात्री मी तोच तक्ता पाठ केला. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हण, राज्यवृक्ष आंबा. आंबा निघाल्यावर मला फार हायसं वाटलं. शिवाय ब्लू मॉरमॉन हे राज्याचं फुलपाखरू, २०१५ मध्ये जाहीर झालेलं, आणि फुलपाखराला असा मान देणारं आपलं राज्य देशात पहिलं. एवढ्या भांडवलावर दोन दिवस निघतील असा माझा हिशोब होता.

सकाळी सहाला निघालो आणि साडेसातला चाकणला होतो. साडेआठलाही चाकणलाच होतो. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणला जो काही निसर्ग आहे तो ट्रकच्या मागच्या फळीवर रंगवलेला आहे. धाकट्याला तिथे एक गरुड, दोन वाघ आणि बरीचशी कमळं दिसली. "भीमाशंकर आलं का?" असं त्याने विचारलं, आणि वन्यजीवांची संख्या पाहता त्याचं काही चुकलं नव्हतं.

मंचरला मिसळ झाली. घोडेगाव मागे पडलं आणि डिंभे धरणाचं पाणी दिसायला लागलं, तसा मला कंठ फुटला. इतिहास माझा प्रांत. हा हुतात्मा बाबू गेनू सागर, मी म्हणालो. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणीकामगार होते. १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकपुढे ते आडवे झाले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. गाडीत शांतता पसरली.

"तो ट्रक चाकणचा होता का?" धाकट्याने अगदी हळू आवाजात विचारलं.

आपल्याकडच्या बापांचा हा घोटाळाच आहे. डोंगर म्हणजे आपल्याला इतिहास. पलीकडे जुन्नरला शिवनेरीवर नेलं असतं तर मी १६३० पासून सुरुवात करून मुलांना दरवाज्या-दरवाज्यावर थांबवून घाम फोडला असता. कुठल्या सुळक्यावरून कोण उतरलं, कोणत्या बुरुजावर कोण पडलं, सगळं आपल्याला तोंडपाठ. पण त्या बुरुजाच्या फटीतून जे झुडूप साडेतीनशे वर्षं डोकं वर काढतंय त्याचं नाव विचारलं की आपण पाण्याची बाटली शोधायला लागतो.

घाट लागला आणि धाकट्याला मळमळलं. हे अपेक्षित होतं. आईने पिशवीतून लिंबू, आवळासुपारी आणि जुनी वर्तमानपत्रं या क्रमाने बाहेर काढली, पण पोरगं वर्तमानपत्रापर्यंत थांबलं नाही. गाडी बाजूला घेतली. मी त्याची पाठ चोळतोय, बायको पाणी ओततेय, आई "हर हर महादेव" म्हणतेय, मागून ट्रॅव्हल्सवाला हॉर्न देतोय, आणि या सगळ्यात थोरली वही-पेन्सिल घेऊन शेजारच्या झाडाखाली उभी.

"बाबा, हे कुठलं झाड?"

झाड उंच होतं. साल काळसर, भेगाळलेली, चौकोनी तुकड्यांची. मी एका हाताने पोराचं कपाळ धरलेलं. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे निघतं त्याला तो पूर्णपणे जबाबदार नसतो.

"काळी भिवसण," मी म्हणालो.

हा शब्द कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही. काळी सालीवरून असेल. भीमाशंकर, भीमा, भिवरा असं काहीतरी डोक्यात घोळत असणार, त्यातून भिवसण पडली असेल. पण शब्द पडला तो असा भरदार की माझा मलाच खरा वाटला. थोरलीने तो लिहून घेतला आणि माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. त्या नजरेने माझा घात केला.

कारण पुढच्या दोन तासांत मी सुटलोच. तळेघरपर्यंत मी खडकसाग, देवगोंधळी आणि रानवाघरी अशी तीन झाडं प्रसवली होती. बायको आरशातून माझ्याकडे बघत होती. ती सायन्सची आहे, पण मायक्रोबायॉलॉजीची, त्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवर तिचा अधिकार चालत नाही.

मुक्कामाला पोचलो, जेवलो, झोपलो. पहाटे कुणीतरी शीळ घालू लागलं. सूर चांगला होता पण गाणं एक धड नव्हतं. चार स्वर वर जायचे, मग विसरल्यासारखे थांबायचे, मग भलत्याच ठिकाणाहून सुरू. मी पांघरुणातूनच ओरडलो, "देवाच्या ठिकाणी शिट्ट्या काय मारतोस? गप पड!" धाकटा माझ्या पोटावर पाय टाकून गाढ झोपलेला होता. मग मी बाहेर जाऊन लॉजच्या पोऱ्याला झापलं. तो बिचारा चहाच्या किटल्या घेऊन उभा. "मी न्हाई साहेब," तो म्हणाला आणि मागच्या ओढ्याकडे बोट केलं. तिथे खडकावर एक काळानिळा पक्षी बसून निवांत शीळ घालत होता. शीळकरी कस्तुर. इंग्रज पक्षीवाल्यांनी त्याला शीळ घालत हिंडणारं शाळकरी पोर म्हणून ठेवलंय, ते मला नंतर समजलं. म्हणजे झापण्यात माझी चूक नव्हती, पोर तेवढं चुकलं.

भीमाशंकरला देवाकडे जायला पायऱ्या उतराव्या लागतात. इतर ठिकाणी भक्त आधी धापा टाकतो आणि मग त्याला देव भेटतो. इथे दर्शन होऊन, पुण्य पदरात पडून, प्रसादाचा पेढा खाऊन झाल्यावर दोनशेच्या वर पायऱ्या समोर उभ्या राहतात. आईचे गुडघे जाताना बोलले नाहीत, येताना मात्र त्यांनी सगळं सांगितलं. देवळाजवळच्या मोठ्या घंटेपाशी मी पुन्हा फॉर्मात आलो. ही पोर्तुगीजांची, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हाची, वगैरे. थोरलीने घंटेकडे पाहिलंच नाही. ती घंटेमागच्या झाडाकडे बघत होती. मी घाईने मुलांना पुढे ढकललं.

आई म्हणाली, तुम्ही जा रानात, मी इथे चहाच्या टपरीवर बसते. आम्ही गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलो, सोबत गावातला एक तरुण वाटाड्या घेऊन. महादेव कोळी समाजाचा, विशीतला, पायात स्लीपर. मी ट्रेकिंगचे बूट घालून जितक्या वेळा घसरलो तितक्या वेळा तो स्लीपरवर थांबून माझी वाट बघत होता. निघतानाच त्याने मुलांना दम भरला : अभयारण्य आहे, १९८५ पासून. पान तोडायचं नाही, काठी मोडायची नाही, वेफरची पिशवी उघडायची नाही. शेवटच्या सूचनेचं कारण समोरच्याच कठड्यावर सहकुटुंब बसलेलं होतं आणि आमच्या पिशवीकडे बघत होतं.

रानात शिरलो आणि कान किर्र झाले. "बाबा, हे काय ओरडतंय?" मी म्हणालो, रातकिडे. "मग दिवसा का?" याला उत्तर नव्हतं. ओव्हरटाइम, मी म्हणालो. वाटाड्याने मुलांना एका खोडाशी नेलं आणि सालीला चिकटलेलं एक रिकामं, पारदर्शक कवच दाखवलं, पाठीवर उभं चिरलेलं. किडा आतून निघून गेलेला, पण कपडे तसेच, पायाच्या नखांसकट खोडाला धरून. हा रातकिडा नव्हेच, हा सिकाडा; बरीच वर्षं जमिनीत मुळांचा रस पिऊन काढतो आणि मग वर येऊन थोडे दिवस ओरडून मरतो. दोघं भावंडं त्या कवचासमोर गुडघ्यांवर बसली. "याची आई याला कपडे उचलून ठेव म्हणत नाही," धाकटा म्हणाला.

पुढे एका उंच फांदीवर मला फुटबॉलएवढा तपकिरी गोळा दिसला आणि माझा संयम सुटला. "शेकरूचं घरटं!" मी ओरडलो. सगळे थांबले. फोटो झाले. शेकरू एकाच घरट्यावर भागवत नाही, चारपाच बांधून ठेवतं, हे मी तक्त्याच्या खालच्या बारीक अक्षरांत वाचलं होतं. तेही सांगून झालं. वाटाड्या मला बोलू देत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मुंग्यांचं हाये साहेब." त्या गोळ्यात हजारो मुंग्या राहतात आणि तांबट सुतार नावाचा पक्षी जाऊन नेमकं त्याच वारुळात भोक पाडून आपली अंडी घालतो. एरवी तो त्याच मुंग्या खातो. खाद्यपदार्थाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहायचं, ही कल्पना बायकोला फार आवडली. शेकरूचं खरं घरटं काटक्या-पानांचं असतं, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, तेही त्याने मग दाखवलं. मला ते दिसलं नाही. दिसलं असं मी म्हणालो.

एकदा रानात 'दिसलं' म्हणायची सवय लागली की सुटत नाही. "ते बघा शेकरू!" तो कुजबुजला. कुठे? "त्या फांदीच्या वर." जंगल म्हणजे मुळात फांद्याच. "तिच्या डावीकडं दुसरी, तिथून वर गेली ती." बायको म्हणाली, दिसलं. थोरली म्हणाली, मलापण. मी म्हणालो, वा, काय सुंदर. धाकटा एकटा म्हणाला, मला नाही दिसलं, आणि मग माझ्याकडे वळून, "काय करत होतं ते?" मी म्हटलं, बसलं होतं. "कसं?" "शेकरूसारखं." पोरगं जे समजायचं ते समजलं.

माझी खरी परीक्षा परतीच्या वाटेवर झाली. थोरलीने वही उघडून वाटाड्यासमोर धरली. पान तोडायचं नसल्यामुळे तिने सगळी झाडं पेन्सिलीने काढली होती आणि तिच्या हाताला पान म्हटलं की विड्याचंच येतं. दहाही झाडं तांबूलासाठी सज्ज दिसत होती. त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण काळ्या भिवसणीचा तिने माझ्या मोबाइलवर फोटोही काढून ठेवला होता.

"ह्यो ऐन," तो म्हणाला. "साल बघा, मगरीच्या पाठीवानी."

"बाबा म्हणाले, काळी भिवसण."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी एका फुलपाखराकडे पाहिलं, जे तिथे नव्हतं. मग तो अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "असंल. पुण्याकडं म्हणत असत्याल."

एवढा मोठा माणूस मी अलीकडे पाहिलेला नाही.

त्याने मग झाडांमागून झाडं सांगितली आणि मी गप्प चाललो. उतारभर माजलेली ती कारवी. सात-आठ वर्षांनी एकदा सगळा डोंगर मिळून फुलते आणि मग मरते. तिच्या काठ्या विणून, शेण लिंपून घराच्या भिंती करतात, त्याचं घरही तसंच होतं. आता पुन्हा फुलेल तेव्हा मी आठवीत असेन, असा धाकट्याने हिशोब केला. "तेव्हा तू आमच्याबरोबर येणार नाहीस, मित्रांबरोबर येशील," बायको म्हणाली. तो म्हणाला, "तुम्ही मागच्या गाडीतून या." ही अंजनी, म्हणजे पठारावरचा अंजन वेगळा आणि ही वेगळी. हा हिरडा. याची कोवळी फळं, बाळहिरडा, उन्हाळ्यात गोळा करायची, अंगणात वाळवायची आणि विकायची. इथल्या घरांचा वर्षाचा बराच हातखर्च या एका झाडावर चालतो.

टपरीवर पोचलो तेव्हा आई तिसरा चहा पीत होती. हिरड्याचं नाव ऐकताच म्हणाली, "अरे, तुझ्या बाळगुटीतला तो! दोन वर्षं रोज सहाणेवर उगाळून तुला पाजलाय. आणि ओळखला नाहीस?" मुलं माझ्याकडे बघायला लागली. ज्या झाडाचा मी अर्क आहे त्यालाच मी 'जंगली झाड' म्हणून पुढे गेलो होतो.

"आणि काय रे, हे कधीपासून वर आहे, याला इथे काय म्हणतात?" आईने कपाने वर दाखवलं.

टपरीवर वाकलेल्या जांभळीवर शेकरू होतं. मागच्या दोन पायांनी फांदी धरून उलटं लोंबत होतं आणि पुढच्या दोन हातांत जांभूळ धरून, रेल्वेत वरच्या बर्थवरून खाली वाकून कुणी डबा खावा तसं खात होतं. पाठ दाट तांबूस, पोट सायीच्या रंगाचं, आणि शेपूट अंगापेक्षा लांब, खाली सोडलेलं. अर्धा तास झाला आहे म्हणे. आईला वाटलं, इथे असतंच.

आमची दोन्ही मुलं बोलायची थांबली. आमच्या घरात हे शेवटचं कधी घडलं होतं ते आठवत नाही. शेकरूने बी खाली टाकली, ती माझ्या चष्म्यावर पडली, कुणी हसलं नाही. मग ते सरळ झालं, फांदीच्या टोकापर्यंत गेलं, टोक खाली झुकलं, आता पडणार असं वाटलं आणि ते पलीकडच्या झाडावर होतं. मधलं अंतर वीस फूट तरी असेल. मधला क्षण कुणालाच सापडला नाही. माझ्या मोबाइलमध्ये त्या जागी हलणाऱ्या फांदीचे अकरा फोटो आहेत.

"आता बाबांना दिसलं," धाकटा वाटाड्याला म्हणाला.

परतताना घाटात एक म्हातारी पळसाच्या द्रोणात करवंदं विकत होती. आईने गाडी थांबवायला लावली आणि मुलांना कोंबडा की कोंबडी शिकवलं. करवंद अर्धं चावायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, आणि चावण्याआधी सांगायचं. चाकणपर्यंत मागच्या सीटवर हा जुगार रंगला. आई सत्तरीतली बाई, पण धाकट्याकडून आठ करवंदं जिंकली आणि त्यातलं एकही परत केलं नाही. चाकणला पुन्हा दीड तास थांबलो. गाडीची सीटकव्हरं अजून जांभळी आहेत.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. वही तपासून आली तेव्हा मी ती चोरून उघडली. थोरलीने सगळी नावं घातली होती, वाटाड्याची आणि माझीही, कुणालाही न दुखवता. पहिल्या पानावर विड्याच्या पानांनी लगडलेलं एक झाड आणि खाली सुवाच्य अक्षरात : 'काळी भिवसण. भीमाशंकरकडे हिला ऐन म्हणतात.' शेजारी लाल शाईत 'छान!' आणि एक चांदणी. देवगोंधळीलाही चांदणी होती. चूक फक्त एका ठिकाणी दाखवली होती. अंजनीला काट मारून वर 'अंजन' केलं होतं.

पालकसभेत मी ठरवून गेलो, की सरळ कबूल करायचं. मुलांसमोर खोटं बोलणं वाईट, आणि ते लाल शाईत मंजूर होणं त्याहून वाईट. बाईंसमोर बसलो, थोरली शेजारी. म्हटलं, "बाई, त्या झाडांच्या वहीबद्दल जरा बोलायचं होतं. ते पहिलं झाड, काळी भिवसण..."

"हो, हो," बाई खुलल्या. "फार वर्षांनी वाचलं ते नाव. आता कुणाला माहीत नसतं हो. आमच्या गावी पांढरी भिवसण आहे. खोकल्यावर उगाळून देतात."

थोरलीने दप्तरातून वही काढली आणि लिहून घेतलं.